तासाला एक लिटर

शर्यत संपल्यावर मॅडमच्या हातातलं घड्याळ काढायला आम्हा दोघांना मिळून मिनिटभर लागलं. पट्टा रबरी. पहाटे साडेपाचला त्याचं बकल चौथ्या भोकात होतं. मला ते नेमकं आठवतं, कारण दर पंधरा मिनिटांनी वाजणारा गजर त्या घड्याळात मीच लावून दिला होता. अकरा चाळीसला तेच बकल सहाव्या भोकात होतं, म्हणजे वाटेत कधीतरी त्यांनी पट्टा सैल केला होता, आणि तरीही मनगटावर त्याची खोल घडी उमटली होती. अंगठी तर जागची हलेना. त्या खुर्चीत डोकं धरून बसल्या होत्या. "सर, मळमळतंय. पोटात पाणी डुचमळतंय नुसतं," एवढंच म्हणाल्या.

भोवती जमलेल्या आठ-दहा जणांचं निदान एका सेकंदात झालं होतं: पाणी कमी पडलं, सलाईन लावा.

हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. त्यांचं नाव, आमच्या शाळा आणि शर्यत यांचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे. आयोजकांना दोष द्यायचा नाही. जी चूक झाली ती कोकणात कोणीही माणूस मायेने करतो तीच, आणि शर्यतीच्या आठवड्यापुरती तिची सुरुवात माझ्या वहीतून झाली.

धावपटू आणि वाट

वय ३९, वजन ४७ किलो, चिपळूण तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत भाषा शिकवतात. पाच वर्षांपासून पळतात. रस्त्यावरची अर्धमॅरेथॉन दोन तास वीस मिनिटांच्या आसपास. डोंगरातली ही पहिलीच शर्यत. मी शेजारच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि सकाळी पाच-सात जणांना पळायला नेतो, त्यातल्या त्या सगळ्यात शिस्तीच्या. सांगितलेलं अक्षरशः करणार. हा गुण आहे असं मी त्या रविवारपर्यंत समजत होतो.

शर्यत ऑक्टोबरच्या मध्यावर होती. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याकडच्या एका गावातून निघून तीन सोंडा चढायच्या-उतरायच्या आणि परत गावात यायचं. एकूण २४ किलोमीटर, चढाई १,२५० मीटर. पार माथ्यावर जायचं नव्हतं, कारण वर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं रान लागतं. सगळी वाट पदरातल्या झाडीतून, कारवीतून आणि मधल्या दोन कातळ सड्यांवरून, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवरून.

रस्त्यावर पळणाऱ्याला २४ किलोमीटर म्हणजे अर्धमॅरेथॉनपेक्षा थोडं जास्त वाटतं. डोंगरात हिशेब वेगळा. दर शंभर मीटर चढाईला एक किलोमीटर धरून अंतरात मिळवायचा, ही डोंगरवाटांवर पळणाऱ्यांची सोपी रीत. त्या रीतीने ही शर्यत साडेछत्तीस किलोमीटरची होते. त्याहून जुना हिशेब विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा, १८९२ सालचा: तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. त्याप्रमाणे चालत गेलं तर सात तासांच्या किंचित वर. मॅडम चढ चालून आणि बाकी पळून साडेपाच-सहा तासांत येतील असा माझा अंदाज होता, आणि तो बरोबर आला. तो आकडा वहीत लिहिला, पण त्याचा अर्थ काय ते मी पाहिलं नाही. त्याचा अर्थ असा होता की ही बाई सहा तास सावकाश चालणार-पळणार आहे, आणि सावकाश माणसाला प्यायला भरपूर वेळ मिळतो.

आठवडा

सोमवारी विश्रांती.

मंगळवारी घामाची चाचणी. ही चाचणी करायची मला फार हौस. शाळेचा जुना काटा २२ जुलै २०२१ च्या पुरात गेला, त्यानंतर मी स्वखर्चाने शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घेतला, आणि तो वापरायला मला निमित्तच हवं असतं. गोवळकोटच्या बाजूला वाशिष्ठीच्या काठाने सपाट, उघडा रस्ता आहे. खाडीत मगरी पहुडलेल्या असतात म्हणून काठाला जायचं नाही, एवढीच सूचना. साडेसात ते सव्वाआठ, पंचेचाळीस मिनिटं, दम लागेल अशा वेगात. पाऊस जाऊन आठ दिवस झालेले, ऊन चढलेलं, वारा नाही. आधी आणि नंतरच्या वजनात ६०० ग्रॅमचा फरक, मधे प्यायलेलं पाणी २०० मिलिलिटर. म्हणजे पाऊण तासात ८०० मिलिलिटर घाम, तासाला एक लिटर आणि वर थोडं.

मी वहीत लिहिलं: "तासाला १ लिटर. दर १५ मिनिटांनी २५० मिली. गजर लावणे." खाली दोन रेघा मारल्या. ते पान अजून माझ्याकडे आहे.

बुधवारी परशुरामच्या डोंगरातली पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. इथे थोडं थांबतो, कारण आठवड्यातलं हे काम बरं झालं आणि शर्यतीत कामाला आलं. रस्त्यावर पळणाऱ्यांना चढाची भीती वाटते, पण मांड्या मोडतात उतारावर. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावतो, आणि अशा आकुंचनाने त्याच्या तंतूंना सगळ्यात जास्त इजा होते. दुखणं लगेच येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना रेलिंग धरायला लावतं. मात्र एकदा अशी दुखापत पचवलेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच कामाला पुष्कळ कमी दुखतो. म्हणून खरा मार आम्ही दहा दिवस आधीच घेतला होता: पाखाडीवरून आठ फेऱ्या, नंतर तीन दिवस लंगडणं. या बुधवारी फक्त तीन फेऱ्या, त्याही आठवण करून देण्यापुरत्या. पावलं छोटी, नजर चार पायऱ्या पुढे, टाच टेकवून ब्रेक लावायचा नाही. पायऱ्यांच्या कडेला शेवाळ अजून ओलं होतं. ओला जांभा खरखरीत दिसतो म्हणून माणूस विश्वास टाकतो आणि बरोब्बर तिथेच बसतो. दुसऱ्या फेरीत मॅडम घसरल्या, पडल्या नाहीत, पण उजव्या गुडघ्याला हिसका बसला. "काही नाही सर," म्हणाल्या. मीही पुढे विचारलं नाही.

गुरुवारी अर्धा तास हलकं पळणं आणि खाण्याची तालीम. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. जेलची पाकिटं त्यांना सोसत नाहीत, म्हणून गूळ-शेंगदाण्याचे छोटे लाडू, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी. चवीला आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, छोटी बाटली. शुक्रवारी काही नाही.

शनिवारी संध्याकाळी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आणायला गेलो. परतताना त्यांच्या घरी चहा झाला. सासूबाईंनी बाटल्या आधीच भरून ठेवल्या होत्या. "पाणी पी गो बाय, नायतर भोवळ येऊन पडशील डोंगरात. मीठ-साखर घालून देऊ काय?" आयोजकांच्या संदेशातही तेच होतं: आजपासूनच भरपूर पाणी प्या. माझ्या वहीत तेच. गावात एका बाबतीत तीन ठिकाणांहून एकच सल्ला मिळतो असं सहसा होत नाही, त्यामुळे शंका यायला हवी होती.

रविवार

सहाला सुटले. दोनेकशे माणसं, हेडलॅम्पची रांग, भाताच्या कापलेल्या खाचरांच्या बांधावरून. हवा चोवीस अंशांच्या आसपास, पण दमट. उभ्यानेच पाठ ओली होत होती. कोकणात घाम फुटतो पण सुकत नाही. अंगाला थंडावा येतो तो घामाची वाफ होताना, नुसतं निथळल्याने नाही, हे इथे पळणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही.

पुढचं मी त्यांच्याकडून नंतर तास-तास बसून विचारून घेतलं आणि घड्याळातल्या नोंदीशी ताडून पाहिलं.

पहिली सोंड झकास. दाट झाडी, वर धुकं, ऊन नाहीच. वेग चालण्याचा. घाम येत होता, पण मंगळवारसारखा नाही. गजर वाजला की पाठीवरच्या पाण्याच्या बॅगेच्या नळीतून मोजून घोट घ्यायचे. पाच किलोमीटरवरच्या पहिल्या एड स्टेशनला, म्हणजे पाणी-खाण्याच्या थांब्याला, लघवीला जाऊन आल्या. ती शर्यतीतली शेवटची. तहान नव्हती. "पण गजर वाजत होता ना सर," हे वाक्य त्या सहज बोलल्या, मला मात्र ते लागलं.

नऊच्या सुमाराला कातळ सड्यावर आल्या आणि ऊन भेटलं. सड्यावर गवत पोटरीएवढं, पिवळं पडायला लागलेलं. पायाखाली काय आहे दिसत नाही. या दिवसांत फुरशाची, या विषारी सापाची, आठवण ठेवावी लागते. फुरसं कातळावरच्या दगडाखाली असतं आणि पळून जाण्यापेक्षा जागीच वेटोळं घासून खरखर आवाज करतं, म्हणून कानात इयरफोन नको असं मी बजावलं होतं. तो भाग नीट पार पडला. सड्याच्या टोकाला दुसरं स्टेशन. कार्यकर्ते गावातलीच पोरं. "मॅडम, घ्या, भरपूर घ्या, पुढे पाणी नाही." बॅग काठोकाठ भरून दिली.

चौदाव्या किलोमीटरला पोट जड वाटायला लागलं. लाडू तोंडाजवळ नेववेना. इथून पुढे खाणं बंद, म्हणजे मीठही बंद. पाणी मात्र चालूच, कारण पाण्याला गजर होता आणि बटाट्याला नव्हता. सतराव्या किलोमीटरला घड्याळ टोचायला लागलं म्हणून पट्टा सैल केला. घामाने पट्टा आवळला असेल असं त्यांना वाटलं. तिसऱ्या स्टेशनला चेहरा बघून कोणीतरी दोन शहाळी फोडून दिली. तीही घेतली. वीसनंतर डोकं ठणकायला लागलं आणि डाव्या पोटरीत गोळा आला. शेवटच्या उतारावर मांड्यांनी उत्तम साथ दिली, हे त्यांनी दोनदा सांगितलं. गजर एकूण बावीस वेळा वाजला. त्या वीस वेळा प्यायल्या. शेवटचे दोन घोट घशाखाली उतरलेच नाहीत.

वीस वेळा पाव लिटर म्हणजे पाच लिटर. शहाळ्यांचं अर्धा लिटर धरा.

तंबूत

मी काटा गाडीतून आणला होता तो निव्वळ हौसेने. वहीत आकडा भरायचा होता. पहाटे कोरड्या टी-शर्ट आणि शॉर्ट्समध्ये, अनवाणी, त्यांचं वजन ४७.२ भरलं होतं. आता सगळे "झोपवा, झोपवा" म्हणत असताना वजनाचं काढणं मलाच विचित्र वाटलं. पण घड्याळाचा पट्टा डोक्यातून जात नव्हता. पाणी कमी झालेल्या माणसाची बोटं अशी सुजत नाहीत. आमच्यातल्या एका बाईंनी त्यांना गाडीत नेऊन कपडे बदलायला लावले. ते गरजेचं होतं, कारण भिजलेल्या कपड्यांनीच अर्धा किलो फसवलं असतं. काटा एका सपाट फरशीवर ठेवला, दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उभं केलं आणि क्षणभर हात सोडले.

४८.१.

मी काटा सरकवून पुन्हा मोजलं. तोच आकडा. पावणेसहा तास डोंगर चढून-उतरून माणसाचं वजन ९०० ग्रॅमने वाढलं होतं.

पळताना वजन घटायलाच हवं. घाम जातो, श्वासातून पाणी जातं, साठवलेली साखर आणि चरबी जळते. किलोभर घटलं असतं तर मी चकार शब्द काढला नसता. वाढलं याचा अर्थ एकच: आत गेलेलं पाणी बाहेर आलेलंच नव्हतं.

बाकीच्या शक्यता झटपट पाहू. उष्माघातात शरीराचं आतलं तापमान चाळीसच्या वर जातं आणि माणूस बरळायला लागतो; काखेतल्या थर्मामीटरवर त्यासाठी विसंबता येत नाही, पण त्या शुद्धीत होत्या, वार सांगत होत्या, आपला बिब नंबर सांगत होत्या. साखर कमी झाली असावी म्हणावं तर तपासणी सोपी होती. प्रथमोपचारवाल्यांकडे ग्लुकोमीटर होता, आकडा ठीक आला. पाणी कमी झालं म्हणावं तर तोंड ओलं, तहान शून्य, पाण्याचा वासही नको. फक्त एक गोष्ट त्या निदानाच्या बाजूची होती: सहा तासांत लघवी एकदाच. आणि नेमकी तीच गोष्ट सगळ्यांना दिसत होती.

तोवर कोणीतरी लिटरभर ओआरएस कालवून आणलं होतं. प्रेमाने दिलेला पेला नाकारणं मॅडमच्या स्वभावात नाही. मी तो हातातून काढून घेतला. तेवढ्यावरून दोन माणसं माझ्यावर चिडली, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो.

पाऊण तासाच्या अंतरावरच्या दवाखान्यात पोचलो. दारातच नातेवाइकांचं "आधी सलाईन लावा" सुरू झालं. आपल्याकडे सलाईनची बाटली टांगली की अर्धं घर बरं होतं. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी सुरुवातीला तीच तयारी केली. मी फक्त वजनाचे दोन आकडे आणि प्यायलेल्या पाण्याचा हिशेब सांगितला. ते थांबले, सुजलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि बाटलीऐवजी रक्त घ्यायला सांगितलं. शिवाय एक प्रश्न विचारला, जो मी आठवडाभरात विचारला नव्हता: "दुखण्याची गोळी घेतली होती का?"

घेतली होती. बुधवारच्या गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, शनिवारी रात्री एक आणि रविवारी पहाटे एक. "तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही सर."

रक्तातलं सोडियम लिटरला १३० मिलीमोल आलं. निरोगी माणसात ते १३५ ते १४५ असतं. व्यायामादरम्यान किंवा नंतरच्या चोवीस तासांत ते १३५ च्या खाली गेलं तर त्याला व्यायामजन्य सोडियमन्यूनता म्हणतात. फार खाली गेलं की मेंदूला सूज येते, झटके येतात, माणूस दगावतोही. तेव्हा ३ टक्के मिठाचं तीव्र सलाईन १०० मिलिलिटर शिरेतून तातडीने देतात. इथे ती वेळ आली नाही. डॉक्टरांनी पाणी पूर्ण बंद केलं आणि खारट काहीतरी, घोटभरच, द्यायला सांगितलं. दवाखान्यासमोरच्या खाणावळीतून कुळथाचं कढण आणलं, त्यात दुप्पट मीठ घातलं. त्या म्हणाल्या की समुद्र प्यायल्यासारखं लागतंय, पण उलटी झाली नाही. अंगठी नर्सने साबण लावून, पिळून काढली. तीनच्या सुमाराला लघवी सुरू झाली आणि पुढचे दोन तास थांबलीच नाही. संध्याकाळी सोडियम १३६. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी वजन ४६.५.

हिशेब

पाहुणे वाढले की आमटीत पाणी ओततात. मीठ तेवढंच राहतं, आमटी पाणचट होते. मॅडमच्या रक्ताचं तेच झालं. फक्त एक प्रश्न उरतो: जास्तीचं पाणी मूत्रपिंडांनी बाहेर का फेकलं नाही? एरवी फेकतात. पण लांबच्या श्रमात मेंदू व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सोडतो आणि ते मूत्रपिंडाला सांगतं की पाणी धरून ठेव. मळमळ, वेदना, ताण यांनी ते आणखी वाढतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या त्याचा परिणाम बळकट करतात. म्हणजे नळ चालू आणि मोरीला बोळा. सहा तासांत लघवी एकदाच झाली, ती पाणी नसल्याने नव्हे.

आणि माझा आकडा? तासाला एक लिटर हा घाम खरा होता, पण तो मंगळवारचा. उघड्या रस्त्यावर, उन्हात, दम लागेल अशा वेगात, पाऊण तासाचा. रविवारचे पहिले तीन तास सावलीत चढ चालण्यात गेले. वजनावरून उलटा हिशेब केला तर त्या दिवशी घाम तासाला जेमतेम आठशे मिलिलिटर निघतो, तोही हात सैल सोडून. मी पाऊण तासाला गुणून सहा तास केले. आठवीतल्या मुलाने असं केलं तर त्याचे शिक्षक लाल पेनाने लिहितात: प्रमाण सम नाही.

दुसरं म्हणजे, घामाइतकं पाणी परत भरायची गरजच नसते. शरीरातली साठवलेली साखर वापरली जाते तेव्हा तिच्याबरोबर बांधलेलं पाणीही सुटतं, त्यामुळे थोडं वजन घटणं हे नैसर्गिकच. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९९६ मध्ये सांगितलं होतं की घामाइतकं किंवा सोसेल तितकं प्या. २००७ मध्ये त्यांनी सूर बदलला: वजन दोन टक्क्यांहून जास्त घटू देऊ नका, आणि वाढू तर मुळीच देऊ नका. मी ज्या काळात प्रशिक्षण घेतलं तो पहिल्या वाक्याचा काळ. दुसरं वाक्य मी वाचलं होतं. पण तरुणपणी पाठ केलेलं पुसणं कठीण जातं.

हा प्रकार नवाही नाही. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांनी १९८५ मध्येच लांब शर्यतींत पाणी जास्त पिऊन आजारी पडलेल्या धावपटूंची नोंद केली. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं, आणि त्याच्याशी सगळ्यात घट्ट जोडलेली गोष्ट म्हणजे शर्यतीदरम्यान वाढलेलं वजन. लहान चणीचे, चार तासांहून जास्त वेळ घेणारे लोक धोक्यात जास्त. मॅडमचं वर्णनच.

क्षारांच्या गोळ्या विरघळवलेलं पाणी घेतलं असतं तर? हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. साध्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये लिटरला सोडियम साधारण २० मिलीमोल, ओआरएसमध्ये ७५, रक्तात १४०. वरून काहीही ओता, ते रक्तापेक्षा पातळच. मीठ घातल्याने घसरण हळू होते, थांबत नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम त्यामानाने थोडं. एरवी अमृत, पण त्या दिवशी ते आणखी अर्धा लिटर पाणीच ठरलं. पोटरीतला गोळा सोडियममुळेच होता असं मी म्हणणार नाही. वीस किलोमीटर डोंगर चढल्यावर थकल्या पोटरीला गोळा यायला वेगळं कारण लागत नाही.

गजराबद्दल मात्र मी स्वतःला माफ केलेलं नाही. तहान ही शरीराची यंत्रणा फार जुनी आहे आणि ती त्या दिवशी चोख काम करत होती. पहिल्या तासापासून ती "नको" म्हणत होती. मी तिच्यावर घड्याळ बसवलं, आणि तेही अशा माणसाच्या हातावर जो घंटा वाजली की वर्गात जातो.

नंतर

सासूबाईंना समजावणं सगळ्यात अवघड गेलं. जास्त पाणी प्यायल्याने कोणी आजारी पडतं हे त्यांना आजही थट्टेचं वाटतं. शेवटी आमटीचं उदाहरण दिलं तेव्हा म्हणाल्या, "मग मीठ टाकायचा होता." तेवढ्यावर मी थांबलो.

आमच्या गटात आता तीन गोष्टी बदलल्या आहेत. घामाची चाचणी करतोच, पण ज्या वाटेवर आणि ज्या वेगात पळायचं तिथेच, किमान दोन तास. तिचा आकडा वरची मर्यादा म्हणून सांगतो. प्यायचं ते तहानेने. आणि आठवड्यातल्या प्रत्येक दुखण्याबद्दल व गोळीबद्दल शनिवारी विचारतो, रागावणार नाही असं आधी सांगून. शर्यत ज्यांनी भरवली त्यांच्याशीही बोललो. ते ऐकून घेणारे निघाले. पुढच्या वेळी शेवटच्या दोन स्टेशनांवर खारे शेंगदाणे आणि मीठ लावलेले बटाटे पुढे, पाणी मागे, आणि तंबूत एक काटा ठेवणार आहेत.

नोव्हेंबरच्या शेवटी, भात घरात आल्यावर, आम्ही तीच वाट सरावासाठी पुन्हा केली. हवा कोरडी, पहाट गार. मॅडमनी सव्वातीन लिटर पाणी प्यायलं, लघवी तीनदा झाली, आणि सगळे बटाटे संपवले, माझ्या वाटणीचे धरून. वेळ पाच तास अठरा मिनिटं. निघताना वजन ४७.०, परतल्यावर ४६.१. घड्याळ चौथ्याच भोकात होतं. अंगठी त्या आता पळायला जाताना घरी ठेवतात; त्या दिवशी काढताना ती वाकली आणि सोनाराकडून सरळ करून आणली तरी पहिल्यासारखी बसत नाही.